गेम खेळून रडू कसं येतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारता तसे सगळेच: ऑफिसात, लग्नात पंगतीला शेजारी बसल्यावर, आणि आमच्या नणंदबाई तर दर दिवाळीला. "गेममध्ये रडण्यासारखं काय असतं गं? गोष्टच हवी तर सिनेमा बघावा." सूर काळजीचा असतो. चाळिशी ओलांडलेल्या बाईने दोन्ही हातांत धरून गेम खेळायचा तो कंट्रोलर मांडीवर ठेवून डोळे पुसावेत, हे काही बरं लक्षण नाही, असा.

उत्तर द्यायचं तर एका गेमचा शेवट फोडावा लागेल. इलाज नाही.

'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' २०१३ साली आला. तो करणारा जोसेफ फारेस हा स्वीडनचा, आधी सिनेमे काढणारा माणूस. गोष्ट साधी: बाप आजारी, औषध फार लांब, ते आणायला दोघे भाऊ निघतात. ते बोलतात ती भाषा जगात कुठेच नाही, त्यामुळे संवादांवर विसंबायची सोय नाही. खरी करामत कंट्रोलरमध्ये आहे. डावा हात म्हणजे थोरला, उजवा म्हणजे धाकटा. डाव्या स्टिकने, म्हणजे अंगठ्याने ढकलायच्या छोट्या दांडीने, थोरला चालतो, उजवीने धाकटा, आणि दोघांना एकेकच बटण. सुरुवातीला नुसता गोंधळ. एकाला नीट न्यावं तर दुसरा भलतीकडे जाऊन भिंतीला धडका देत बसतो. हळूहळू हात सरावतात. आई धाकट्याच्या डोळ्यांदेखत बुडालेली, म्हणून तो पाण्याला घाबरतो. पाणी आलं की पोहायचं थोरल्याने, आणि धाकट्याने त्याच्या पाठीला घट्ट धरायचं. म्हणजे तुम्ही उजवं बटण दाबून ठेवायचं.

शेवटाकडे थोरला मरतो. त्याला खड्ड्यापर्यंत ओढत न्यायचं, वर माती लोटायची, हे सगळं तुम्हीच करायचं, उजव्या हाताने. डावा नुसता पडून. अंगठा सवयीने स्टिक ढकलतो आणि पडद्यावर काही हलत नाही. मग धाकटा औषध घेऊन घराजवळ पोचतो, तर मध्ये पाणी. उजवं बटण दाबून उपयोग होत नाही. त्याची हिंमतच होत नाही. मी बराच वेळ काठावर घुटमळले. मग कधीतरी डावं बोट थोरल्याच्या बटणावर गेलं, आणि पोरगं पोहायला लागलं.

तिथे रडले. गेलेला भाऊ मनात जिवंत राहतो, असं सिनेमात कुणी म्हटलं असतं तर मी जांभई दिली असती. इथे कुणी काही म्हणत नाही. इतका वेळ रिकामा बसलेला हात कामाला लागतो, एवढंच होतं.

गेमवाल्या मंडळींशी माझं एका बाबतीत पटत नाही. ते म्हणतात, गेमची ताकद निवडीत आहे: ह्याला वाचवायचं की त्याला, तुम्ही ठरवा. असे गेम मीही खेळलेत. पण समोर पर्याय मांडले की मी हिशेबाला बसते, कशाने काय पदरात पडेल ते बघते. हिशेब मांडताना डोळे भरत नाहीत. उलट 'रेड डेड रिडेम्प्शन २' या गेममध्ये एका प्रसंगी निवडच नसते. काळ १८९९चा, आर्थर मॉर्गन हा अमेरिकेतला दरोडेखोर. टोळीची उधारी वसूल करायला तो एका खंगलेल्या शेतकऱ्याला बडवतो. ठोसे तुम्ही मारायचे, नाहीतर गोष्ट पुढे सरकत नाही. तो माणूस खोकतो, आर्थरच्या तोंडावर रक्त उडतं, आणि खेळणारा पुढच्या कामाला लागतो. पुढे कितीतरी तासांनी आर्थरलाच खोकला सुरू होतो. आमच्या घरी आजोबांच्या भावाचं नाव निघालं की मिरजेचं सॅनिटोरियम निघायचंच, त्यामुळे डॉक्टरने क्षय म्हणण्याआधीच मला कळलं होतं. कुठून लागला तेही.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या गेम करणाऱ्या कंपनीने २०२० साली 'राजी' काढला. पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधणारी बहीण. दिसायला इतका देखणा की थांबून भिंतीवरची चित्रं बघत बसावं. पण त्यातलं दुःख निवेदनात राहतं आणि हात त्रिशूळ फिरवण्यात गुंततात. दुःखाची आणि हातांची गाठ पडत नाही. कौतुक आहेच, रडू मात्र आलं नाही.

तुम्हाला करूनच बघायचं असेल तर 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' घ्या, २०१७चा. एका घराण्यातली माणसं कशी गेली, त्याच्या गोष्टी. त्यातला लुईस मासे डबाबंद करायच्या कारखान्यात आहे. उजव्या हाताने मासा ओढायचा, पात्याखाली सरकवायचा, मुंडकं उडालं की धड पट्ट्यावर टाकायचं. पुन्हा मासा. तेवढ्यात त्याचं दिवास्वप्न सुरू होतं, आणि त्यात चालायला डावा हात. स्वप्न वाढत वाढत पडदाभर होतं. मासे येतच राहतात, उजवा हात न बघता कापत राहतो. मी अकाउंट्समध्ये आहे. व्हाउचरं टाकता टाकता मीही कुठे कुठे जाऊन येते, म्हणून तो भाग मला जरा जास्तच लागला. त्याचा शेवट मात्र सांगत नाही. अख्खा गेम दोन-तीन तासांत होतो, मारामारी नाही, हरायची भीती नाही. सोबतीला कुणी नसलं तर बरं.