रस्टच्या कंपायलरमध्ये पहिलं पाऊल: आत्तापर्यंतची नोंद

परीक्षा संपली आणि रस्टसी, म्हणजे रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचा कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारा), एकदाचा माझ्या लॅपटॉपवर बिल्ड झाला. रॅम 8 जीबी, म्हणजे रस्टसीच्या डेव्हलपर गाइडमध्ये सुचवलेली जेमतेम. डिस्कवर 30 जीबी मोकळी ठेवा असं तिथे लिहिलंय ते खरंच मनावर घ्या, बिल्डचं फोल्डर फुगतच जातं. सेटअप चालवताना प्रोफाइल विचारलं जातं, तिथे 'कंपायलर' निवडा. मग एलएलव्हीएम (शेवटी मशिन कोड बनवणारा भाग) आयतं डाउनलोड होतं. ते स्वतः कंपाइल करायला बसलात तर या मशिनवर रात्र गेलीच समजा.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते स्टेजेसनी. रस्टसी रस्टमध्येच लिहिलेला आहे (अगदी पहिला ओकॅमलमध्ये होता), त्यामुळे तो कंपाइल करायला आधीचा रस्टसी हवा. विरजणासारखंच, कालच्या दह्याशिवाय आजचं दही नाही. डाउनलोड होणारा बीटा (पुढच्या आवृत्तीचा चाचणीतला रस्टसी) म्हणजे स्टेज 0. त्याने तुमचा बदललेला सोर्स कंपाइल केला की स्टेज 1, आणि स्टेज 1 ने तोच सोर्स पुन्हा कंपाइल केला की स्टेज 2. रोजच्या कामाला स्टेज 1 पुरतो. नुसते टाइप जुळतायत का एवढंच बघायचं असेल तर बिल्डच्या वाटेला जाऊ नका, 'चेक' कमांड चालवा.

नवख्यांना सगळे इश्यूंच्या (नोंदवलेल्या बग-कामांच्या) यादीतल्या 'ई-इझी', म्हणजे सोप्या कामांच्या, लेबलकडे पाठवतात. माझं मत वेगळं आहे: आधी 'ई-नीड्स-टेस्ट' बघा. बग कधीच सुटलाय, पण तो परत डोकं वर काढू नये म्हणून टेस्ट लिहायची राहिलीय, असे हे इश्यू. कंपायलरच्या कोडला हातही न लावता इश्यू क्लेम करण्यापासून (स्वतःकडे घेण्यापासून) बदल मर्ज होण्यापर्यंतची (मूळ कोडात मिसळण्यापर्यंतची) सगळी वाट पायाखालून जाते. (रीडमीमधलं स्पेलिंग सुधारून आपलं नाव लावणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.) माझ्या इश्यूतला कोड पूर्वी कंपायलरला पाडायचा, आता बिनतक्रार कंपाइल होतो. म्हणून टेस्टच्या फाइलच्या डोक्यावर '//@ चेक-पास' (एररशिवाय पार व्हावं, अशी खूण), खाली इश्यूची लिंक आणि तो छोटासा कोड. फाइलला नुसता इश्यूचा नंबर नाव म्हणून देऊ नका, काय तपासतोय ते नावातून कळू दे. रोलअपमध्ये, म्हणजे बऱ्याच छोट्या पुल रिक्वेस्टच्या (बदल सामील करून घ्या, या विनंत्यांच्या) गठ्ठ्यात, माझी रिक्वेस्ट मर्जही झाली.

दुसरं काम मात्र खऱ्या अर्थाने कंपायलरमधलं, 'ए-डायग्नॉस्टिक्स' (एररचे मेसेज) लेबलचं. एरर दाखवताना रस्टसी 'असं लिहून बघा' म्हणून सुचवतो ना, ती सूचना एका ठिकाणी मॅक्रोतून (कोड लिहून देणाऱ्या साच्यातून) विस्तारलेल्या कोडमध्येच बदल सांगत होती. तो मॅक्रो दुसऱ्याच क्रेटमधला (रस्टच्या पॅकेजमधला), आपण तिथे काय बदलणार? उपाय एका अटीचा निघाला: स्पॅन (एरर दाखवायची कोडमधली जागा) मॅक्रो एक्सपान्शनमधून आलाय का ते विचारायचं, आणि आला असेल तर गप्प बसायचं. खरा वेळ गेला तो ही अट कुठे घालायची हे शोधण्यात. एररच्या मजकुरातले चार शब्द सगळ्या सोर्समध्ये सर्च करणं, याहून चांगली युक्ती मला अजून सापडलेली नाही.

त्यानंतर यूआय टेस्ट, म्हणजे कंपायलरचे मेसेज तपासणारी टेस्ट. इथे कोडच्या शेजारी 'एसटीडीईआरआर' फाइल असते, अपेक्षित एरर जशीच्या तशी. कोडच्या शेजारच्या समासातले ओळींचे नंबर 'एलएल' करून टाकलेले असतात, नाहीतर वर एक ओळ घातली तरी सगळा डिफ (जुन्या-नव्यातला फरक) लालहिरवा झाला असता. टेस्ट चालवताना '--ब्लेस' दिलं की या फाइली आपोआप नव्याने लिहिल्या जातात. सोय मोठी आहे, पण नंतर गिट डिफ ओळ न ओळ वाचाच. रिव्ह्यूअरही आधी तेच बघतात. मला आलेल्या सूचना तीन: मेसेजची सुरुवात लहान अक्षराने हवी, शेवटी पूर्णविराम नको, आणि सजेशनला 'मशीन-अॅप्लिकेबल' (आपोआप लावण्याजोगं) म्हणण्याआधी दहादा विचार कर, कारण कार्गो फिक्स ही कमांड त्यावर विसंबून लोकांचा कोड खरोखर बदलतो. म्हणून 'मेबी-इनकरेक्ट' (कदाचित चूक) लावलं.

मेन ब्रँच पुढे गेली तर मर्ज कमिट चालत नाही, रिबेसच (आपले बदल नव्या मेनवर पुन्हा रचणं) करावा लागतो. तेवढा सराव आधी करून ठेवा.

सध्या पुल रिक्वेस्टवर 'वेटिंग ऑन रिव्ह्यू' आहे. बॉर्सने (मर्ज करणाऱ्या बॉटने) घेतली की पुढच्या नाइटलीत (रोज निघणाऱ्या चाचणी आवृत्तीत) येईल, आणि दर 6 आठवड्यांची गाडी धरून यथावकाश स्टेबलमध्ये (सगळ्यांसाठीच्या पक्क्या आवृत्तीत). तोवर आणखी एक नीड्स-टेस्ट क्लेम केलाय. तो बग नेमका कुठल्या नाइटलीत सुटला हे कार्गो-बायसेक्ट-रस्टसी नावाचं टूल शोधतंय. दर पायरीला अख्खी नाइटली डाउनलोड होते, त्यामुळे हॉस्टेलच्या वायफायवर ते रात्रीच लावावं लागतं.