जीटीसाठी एफजी गाठ: माझा अनुभव

लहानपणापासून तंगुसावर गरवत आलोय, त्यामुळे गाठी हातात बसलेल्या. पण अंदमानला जीटी, म्हणजे जायंट ट्रेव्हली या मोठ्या, ताकदवान माशाच्या पॉपिंगला (पाण्याच्या पृष्ठभागावर नकली आमिष फेकून गरवायला) जायचं ठरलं आणि प्रकरण वेगळं झालं. रीलवर पीई 8 जाडीचा ब्रेड, म्हणजे विणलेला दोर, आणि पुढे आमिषाच्या बाजूला 170 पौंडी लीडर, म्हणजे जाड एकपदरी दोर. हे दोन्ही एकमेकांना गाठीने जोडायचे. ब्रेड पॉलिइथिलीनचा, गुळगुळीत. तंगुसाच्या गाठी त्यावर घसरतात. डबल युनी नावाची गाठ टिकते, पण एवढ्या जाड लीडरला घडी पडली की तिचा गोळा होतो आणि फेकताना गाईडवर (रॉडवरच्या कडीवर) खटकन आपटतो. एफजी गाठीत लीडर सरळच राहतो, ब्रेड त्याच्याभोवती वेणीसारखा बसत जातो. म्हणून तीच शिकायची ठरवली.

विणणं लवकर जमलं. रॉड होल्डरमध्ये उभी, ड्रॅग (रीलचा ब्रेक) आवळलेला, ब्रेडचं मोकळं टोक दातांत. त्या ताठ ब्रेडवरून लीडर एकदा वरून, एकदा खालून असा वीसेक वेळा फिरवायचा आणि एका अर्ध्या गाठीने अडकवायचा. ब्रेड मध्येच सैल पडला तर वेढे एकमेकांवर चढतात. मग सोडून पहिल्यापासून सुरुवात.

खरी गाठ यानंतर तयार होते, आवळताना. बरेच जण इथेच घाई करतात असं माझं ठाम मत आहे. वेढ्यांना थुंकी लावायची, हातमोजे घालायचे, ब्रेड लाकडी दांड्याला गुंडाळायचा (उघड्या हाताला कधीच नाही, बोट कापतं) आणि झटका न देता ओढत राहायचं. हळूहळू वेढे दाटतात, गाठ बारीक होते आणि ब्रेडचा रंग गडद, ओलसर दिसायला लागतो. ब्रेड लीडरमध्ये रुतल्याची हीच खूण. नखाने ढकलून बघायचं. एक जरी वेढा सरकला तरी ती गाठ मी कापून टाकतो.

मग आलटूनपालटून अर्ध्या गाठी, पुन्हा एकदा ओढ, आणि लीडरचं टोक गाठीलगत कापायचं. पुढच्या अर्ध्या गाठी नुसत्या ब्रेडवर. टोक जाळायला लायटर मी गाठीजवळ आणत नाही. ब्रेडचं पॉलिइथिलीन साधारण दीडशे अंशांच्या आसपासच वितळतं. शेवटी वजनकाट्याला लावून 12 किलोपर्यंत ताण देतो. एफजी सुटली तर बहुधा लीडर अख्खा निसटतो, टोक गुळगुळीत. म्हणजे आवळणं कमी पडलं. ब्रेड तुटला असेल तर धागे पिंजलेले दिसतात.

अंदमानात पहिला जीटी लागला तो थेट प्रवाळाकडे धावला. ड्रॅग घट्ट ठेवून त्याला वळवला. बोटीवर घेतला तेव्हा लीडर हातभर खरवडलेला होता, गाठ मात्र होती तशी. इतका आनंद मला माशाचाही झाला नसेल! फोटो काढून त्याला लगेच सोडलं.

खरवडलेला लीडर तिथेच बदलला. हेलकाव्यांत आणि वाऱ्यात ही गाठ बांधायला वेळ लागतो, म्हणून दुसरी रॉड आदल्या रात्रीच बांधून तयार ठेवतो.