लडाखमध्ये पाणी उशिरा येतं

मे संपता संपता लेहला पोचले. पहिले दोन दिवस नुसतं लोळून काढले, साडेतीन हजार मीटरवर दुसरं काही करूच नये, डोकं असं ठणकतं की विचारू नका. तिसऱ्या दिवशी तासाभरावरच्या एका गावात होमस्टेला गेले. घर आमा-लेंचं (आमा म्हणजे आई, ले आदरार्थी), सोबत मुलगा आणि सून.

पहाटे पाचला जाग आली ती फावड्याच्या आवाजाने. खिडकीतून बघितलं तर मुलगा पाटावर दारं धरत होता. गवताचं ढेकूळ मातीसकट उचलायचं, एका तोंडाशी थापायचं, दुसरं तोंड मोकळं करायचं, की पाणी सरसर सातूच्या वाफ्यात. तासाभराने शेजारी आला आणि न बोलता ढेकूळ उचलून आपल्याकडे पाणी वळवून घेऊन गेला. पाळी संपली. कुणाला किती वेळ पाणी हे ठरवायला गावात एक माणूस नेमलेला असतो, त्याला छुरपोन म्हणतात आणि त्याच्या शब्दापुढे कुणी जात नाही म्हणे.

मी आपली टूरिस्टी अक्कल पाजळली, की वर एवढे ग्लेशिअर दिसतायत, मग पाण्याची काय कमी? आमा-लेंचा मुलगा हसला. म्हणाला पेरणी एप्रिल-मेमध्ये, ग्लेशिअरचं पाणी खाली पोचणार जूनमध्ये. मधले आठवडे पूर्वी हिवाळ्यात खालच्या डोंगरांवर पडलेल्या बर्फावर निघायचे, आता तो बर्फच धड पडत नाही. आणि ग्लेशिअर आटत आटत वर सरकतायत ते वेगळंच. म्हणजे पाणी कमी हे खरंच, पण खरी बोंब अशी की हवं तेव्हा ते नसतं. इथे पाऊस वर्षाला जेमतेम 100 मिमी, त्यामुळे आभाळाकडे बघण्यातही अर्थ नाही. झंस्कारमधल्या कुमिकच्या लोकांना तर पाण्यापायी अख्खं गावच खाली नवीन जागी हलवायची वेळ आली.

संध्याकाळी वर बर्फाचा स्तूप, म्हणजे हिवाळ्यात पाणी गोठवून उभा केलेला बर्फाचा सुळका, बघायला गेलो. फोटोत पांढराशुभ्र सुळका असतो ना, हा तसा नव्हता, धूळ बसून काळपट पडलेला, कमरेत खचलेला, आतल्या काटेरी फांद्या आणि पाइप बाहेर डोकावत होते. पण बुडातून टपटप चालू होती, आणि ती धार पुढे जाऊन त्याच पाटाला मिळत होती ज्यावर सकाळी मी खिडकीतून डोळे लावून बसले होते! हिवाळ्यात वरच्या ओढ्याचं पाणी पाइपने आणतात, उतारावरच्या दाबाने ते आपोआप वर उडतं, पंप वगैरे काही नाही, रात्रीच्या थंडीत जागीच गोठतं. सुळका का, तर तेवढ्याच बर्फाला ऊन कमी लागतं. सोनम वांगचुक यांनी 2013 मध्ये हा प्रयोग केला. त्यांच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, च्हेवांग नोर्फेल या इंजिनिअरने सावलीतल्या घळींमध्ये पाणी अडवून गोठवायला सुरुवात केली होती, त्यांना 2015 मध्ये पद्मश्री मिळाली. दोघांचीही युक्ती एकच, हिवाळ्यात वाया जाणारं पाणी वसंतापर्यंत थोपवून धरायचं.

गंमत म्हणजे लेहमध्ये मी ज्या हॉटेलात दोन दिवस लोळले तिथे फ्लश होता, गीझर होता आणि पाणी बोअरचं. इथे कोरडा संडास, वरून फावडंभर माती टाकायची, झालं. पहिल्या दिवशी नाक मुरडलं होतं, कबूल करते.

आमा-लेंना मात्र पाटापेक्षा छताची काळजी जास्त. छत म्हणजे पॉप्लरची तुळई, वर विलोच्या काटक्या, वर माती, पाऊस नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चाललं. मग 2010 च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत ढगफुटी झाली, लेह आणि चोगलमसरमध्ये चिखलाच्या लोंढ्यात दोनशेवर माणसं गेली. तेव्हापासून आभाळ काळं झालं की त्या रात्री झोप नाही, म्हणाल्या. आता मातीखाली निळी ताडपत्री अंथरलीय, कडेने तिचं टोक बाहेर आलंय.

निघायच्या सकाळी ढग आले. मला तर उजेड भारी वाटला, मोबाईल काढून फोटोवर फोटो चालले होते. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता आणि आमा-ले शिडी लावून वर चढल्या होत्या, ते निळं टोक आत खोचून त्यावर मातीची घमेली ओतत होत्या. जुले म्हणून हात हलवला मी, त्यांचं लक्षच नव्हतं.