ई म्हणजे एलिजा

वरळीच्या ज्यू दफनभूमीच्या फाटकाशी एका आजींनी टॅक्सीला हात केला. बसण्याआधी पाणी मागितलं आणि माझ्याच बाटलीतून हातांवर ओतून घेतलं. "कबरीवरून आलं की हात धुवायचे, बाळा. आमच्यात तसंच आहे." बोलणं थेट अलिबागकडचं. विचारलं तर म्हणाल्या, मूळ गाव नवगाव, आता मुक्काम इस्रायलमध्ये, लोदला.

जायचं होतं मशीद बंदरला, सॅम्युएल स्ट्रीट.

गाडी काढली तशी त्यांनी 'डॉ. ई. मोझेस रोड'च्या पाटीकडे बोट दाखवलं. "यातला ई म्हणजे काय रे?"

बावीस वर्षं मी या रस्त्यावर टॅक्सी चालवतोय. दिवसातून दहादा तोंडात 'ई मोझेस' येतं. कुणी गोरा साहेब असेल, असंच धरून चाललो होतो.

"एलिजा. आमचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, पेशानं डॉक्टर. १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे लोक आम्ही. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. त्या घरांतला माणूस इंग्रजांच्या राज्यात महापौर!" त्यांचा आवाज चढला होता.

भायखळ्याला मागेन डेव्हिड सिनेगॉगचा, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचा, निळा मनोरा दिसला. "हे ससूननी बांधलेलं," आजी म्हणाल्या. ससून हे नाव मला ठाऊक होतं. आई ससून डॉकवरून मासळी आणून विकायची. आजींनी मान हलवली. "ते बगदादी, बगदादकडून आलेले ज्यू. डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास आले. कापूस, चीनला अफू, मग गिरण्या. डॉक त्यांच्या मुलानं, अल्बर्टनं, १८७५ ला बांधला. पैसा मोठा, दानही मोठं. पण आम्हाला मात्र ते जरा खालचंच समजायचे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आमच्या समाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्येच इथं सिनेगॉग बांधलं. कंपनीच्या फौजेतले होते. त्यालाच लोक मशीद म्हणत. स्टेशनाचं नाव त्यावरनंच पडलं."

मशीद स्टेशनवरून आयुष्यभर लोकल पकडली, आणि हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत तरी सांगायला हवं होतं.

सिनेगॉगच्या दाराशी आजींनी चौकटीवरच्या मेजुजाला, धर्मवचनं ठेवलेल्या छोट्या डबीला, बोटं लावली, ती ओठांना टेकवली आणि मागे वळल्या. "गाडीतच काय बसतोस? डोक्यावर रुमाल टाक आणि ये."

मी मीटर बंद केलं, रुमाल बांधला आणि त्यांच्या मागोमाग आत गेलो.