बाटलीच्या खांद्यात अडकलेला सॉस

५०० ग्रॅम घट्ट सॉससाठी आमच्यापुढे पेट (पीईटी) प्लास्टिकच्या दोन बाटल्या होत्या. एक निमुळत्या तोंडाची, टोपणासकट २२ ग्रॅम. दुसरी रुंद तोंडाची, टोपणावर उलटी उभी राहणारी, २७ ग्रॅम. वस्तू बनण्यापासून टाकली जाईपर्यंत तिचा पर्यावरणावर पडणारा भार मोजतात, त्या जीवनचक्र मूल्यांकनाच्या, म्हणजे एलसीएच्या पहिल्या फेरीत हलकी बाटली सहज पुढे होती. प्लास्टिक कमी, म्हणून भार कमी. निकाल जवळजवळ ठरलाच होता.

तक्ता पुन्हा चाळताना फंक्शनल युनिटवर, म्हणजे ज्या एककामागे भार मोजतात त्यावर, नजर अडली. तिथे लिहिलं होतं, ‘एक भरलेली बाटली’. माणसाला बाटली नको असते, सॉस हवा असतो. ते बदलून ‘खाल्ला गेलेला १ किलो सॉस’ केलं आणि लगेच प्रश्न आला, बाटलीत उरतो किती? हा आकडा डेटाबेसमधून उचलण्यासारखा नाही. सॉसचा घट्टपणा आणि बाटलीचा आकार बदलला की तोही बदलतो.

म्हणून वजनकाटा काढला. घरी वापरतात तशा थोड्याथोड्या दाबून बाटल्या रिकाम्या केल्या, शेवटी १० मिनिटं उलट्या ठेवल्या, पुन्हा दाबल्या. काहीच निघेना तेव्हा वजन केलं. हलक्या बाटलीचं वजन भरलं ४७ ग्रॅम, म्हणजे २५ ग्रॅम सॉस आतच. उभी कापली तर खांद्याच्या वळणात बोटभर जाडीचा थर बसलेला. रुंद तोंडाचीत उरला ५ ग्रॅम.

आता हिशेब. १ किलो सॉस पोटात जायचा तर हलक्या बाटल्यांत १,०५३ ग्रॅम भरावा लागतो, रुंदमध्ये १,०१० ग्रॅम. आमच्या मॉडेलमध्ये सॉसचा भार किलोमागे २ किलो कार्बन डायऑक्साइड होता आणि तयार बाटलीचा किलोमागे ३. रुंद बाटलीने प्लास्टिकपायी साधारण २५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वाढला, वाचलेल्या सॉसपायी ८५ ग्रॅम घटला. निकाल उलटला.

याच फेरीत दुसरी चूकही हाती लागली, आणि ती फार वेळा होते. पुनर्वापरित पेट वापरल्याचं श्रेय सुरुवातीला घेतलं होतं आणि बाटली पुनर्वापराला जाते म्हणून शेवटी पुन्हा. एकाच फायद्याची दोनदा मोजणी! एक पद्धत धरून दोन्ही बाटल्यांना तीच लावली.

तरी रुंद बाटली सर्वत्र चांगली, असं अहवालात लिहिलं नाही. संवेदनशीलता, म्हणजे गृहीत आकडा बदलला तर निकाल टिकतो का, हे तपासताना सॉसचा भार उतरवत नेला. किलोमागे ०.६ किलोच्या आसपास दोन्ही बाटल्या बरोबरीत आल्या, त्याखाली हलकी जिंकते. तो उंबरठा पहिल्याच पानावर टाकला, आणि आयएसओ १४०४४ या एलसीएच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे जाहीर तुलनेआधी लागणाऱ्या त्रयस्थ परीक्षणासाठी काट्यावरच्या मूळ नोंदीही सोबत जोडल्या.