शेठच्या खुर्चीच्या हातावर बसलेली मुलगी

मी ऑडिओ डिस्क्रिप्शन लिहिते. म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांना सिनेमा बघता यावा म्हणून दोन डायलॉगच्या मधल्या मोकळ्या जागेत एक आवाज सांगत असतो, अमका दार उघडतो, तमकी पत्र लपवते, तर तो आवाज काय बोलणार ते लिहून द्यायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात याचा उल्लेख आहे आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने थिएटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हापासून निदान हा शब्द तरी लोकांच्या कानावर पडायला लागलाय. काम वाटतं तितकं सोपं नाही, सगळा हिशोब सेकंदांचा, सेकंदाला दोन शब्द, फार तर अडीच, डायलॉगवर चढायचं नाही आणि स्वतःचं मत घुसवायचं नाही. जे दिसतं तेच सांगायचं.

गेल्या पावसाळ्यात ऐंशीच्या दशकातला एक मराठी सिनेमा हातात आला. नाव सांगता येत नाही, करारात तसं लिहिलेलं असतं. स्मगलर शेठ, पांढरा सूट, पांढरे बूट, भिंतीत माशांची टाकी, गोल फिरणारी खुर्ची, आणि त्या खुर्चीच्या हातावर बसलेली चंदेरी गाऊनमधली मुलगी. असा शेठ आणि अशी मुलगी आपण सगळ्यांनी पन्नास वेळा बघितलीये. अड्ड्याचा मुख्य सीन अकरा मिनिटांचा, त्यात बोलणं भरपूर, सौदा होतो, पैसे मोजले जातात, एक माणूस फुटीर निघतो, शेठ त्याला गोळी घालतो. मुलीला अकरा मिनिटांत एक शब्द नाही. मी सीनच्या सुरुवातीला एक ओळ टाकली, "शेठच्या शेजारी एक सुंदर तरुणी बसली आहे", आणि पुढे निघाले, कारण पुढची प्रत्येक जागा मला पैशांच्या बॅगेला आणि पिस्तुलाला हवी होती.

आमच्याकडे स्क्रिप्ट फायनल करायच्या आधी ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांच्यापैकी कोणीतरी ऐकतं. त्या दिवशी काका आले होते. जन्मापासून दिसत नाही, तीस वर्षं एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, बोर्डावर नुसत्या श्वासावरून ओळखायचे म्हणे कोणत्या ब्रँचचा मॅनेजर आहे. काका "पिक्चर ऐकला" असं कधीही म्हणत नाहीत, बघितला असंच म्हणतात, आणि मला ते आवडतं.

मी वाचत होते, समोर सिनेमा चालू. पहिल्याच ओळीला त्यांनी हात वर केला.

"सुंदर म्हणजे काय गं?"

मी म्हटलं म्हणजे दिसायला छान काका.

"ते तुझं मत झालं. मला काय दिसतंय ते सांग."

त्यांचं बरोबर होतं, नियमच आहे तो, दुसऱ्या कोणाच्या स्क्रिप्टमध्ये मी स्वतः लाल पेनाने खोडला असता तो शब्द. पण ही जी मुलगी असते ना खलनायकाच्या शेजारची, तिला सिनेमाने सुंदर असण्यापलीकडे काही दिलेलंच नसतं, म्हणून माझ्या हातून तो शब्द आपोआप पडला आणि मला त्यात काही खटकलंही नाही. मी खोडलं. पंचविशीची, कुरळे मोकळे केस, चंदेरी गाऊन, हातात ग्लास. काका म्हणाले ठीक, पुढे.

मग बॅग उघडली, पैसे मोजले, आणि काका म्हणाले, "ती गेली का?"

"कोण?"

"ती ग्लासवाली."

"नाही काका, आहे की. शेजारीच आहे."

"मग बोलत का नाहीस तिच्याबद्दल? तू बोलली नाहीस की माझ्यासाठी ती उठून गेली."

आता हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण कोणी इतक्या सरळ सांगितलं नव्हतं. डोळस माणसाला ती मुलगी अकरा मिनिटं सतत दिसत राहते, काही न करता दिसत राहते, तेच तिचं काम. आणि काकांसाठी ती दोन सेकंदांत संपली. ते म्हणाले 'जंजीर'मधली मोना बघ, १९७३ चा पिक्चर, अजित तेजा आणि बिंदू मोना, अजून लोक अजितच्या आवाजात मोना डार्लिंग म्हणून दाखवतात. "तिला नाव तरी होतं. एकदा नाव घेतलं की खोलीत बाई आहे हे मला कळतं. तुझ्या शेठने हिला हाक मारली नाही."

मी मान्य केलं. अकरा मिनिटांत एकदाही नाही.

मग त्यांनी जे विचारलं त्याने माझा पूर्ण दिवस गेला. "शेठ तिच्याकडे बघतो कधी?"

मी म्हटलं बघत असेलच. म्हणाले असेलच नको, बघून सांग. मग सीन पहिल्यापासून लावला, आवाज बंद केला, आणि या वेळी फक्त शेठचे डोळे बघत बसले. एकदाही नाही. खांद्यावर हात टाकतो, ग्लास तिच्या हातून घेतो, परत तिच्या हातात देतो, एखाद्या टेबलावर ठेवावा तसा, मान न वळवता. पण जो कोणी दारातून आत येतो, सौदा करायला आलेला, पैसे आणणारा, तो फुटीर माणूससुद्धा, प्रत्येकाची नजर आधी तिच्यावर जाते आणि मग शेठवर. प्रत्येकाची! दिग्दर्शकाने सांगून करून घेतलंय की नटांनी आपोआप केलंय मला माहीत नाही, पण चारही जणांचं तेच. ती शेठसाठी नाहीच तिथे, ती येणाऱ्यांसाठी आहे, जशी ती माशांची टाकी येणाऱ्यांसाठी आहे. एवढी वर्षं हे सीन बघून मला वाटायचं की व्हिलन बाईलवेडा दाखवायचा असतो म्हणून बाई ठेवतात. तसं काही नाहीये. ती त्याच्या ऐपतीची पाटी आहे.

हे मी काकांना सांगितलं तेव्हा मला 'गोल्डफिंगर' आठवला, १९६४ चा बाँडपट. त्यात जिल मास्टरसन म्हणून मुलगी आहे, ती बाल्कनीतून दुर्बिणीने समोरच्याचे पत्ते बघून गोल्डफिंगरला जिंकायला मदत करत असते, आणि बाँडने विचारल्यावर सांगते की तो याचे पैसे देतो, आणि सोबत दिसण्याचेही देतो. नुसतं दिसण्याचे. पुढे अंगभर सोन्याचा रंग फासून तिला मारून टाकतात तो शॉट सगळ्यांना माहीत असतो, पण मला आता ते आधीचं वाक्य जास्त भयंकर वाटतं. मारायच्या आधीच ती वस्तू झालेली आहे, रंग नंतर लागलाय.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गब्बरच्या शेजारी कोणी बसलीये का? मोगॅम्बोच्या? ज्याची खरी भीती वाटते त्याला शेजारी कोणाला बसवून दाखवावं लागत नाही." मला हे शंभर टक्के पटलं. आमचा शेठ तसा घाबरटच आहे पुढे, शेवटी पळतो.

आम्ही गोळीच्या शॉटवर आलो. माझ्या स्क्रिप्टमध्ये होतं, "शेठ पिस्तूल काढतो. गोळी झाडतो. माणूस कोसळतो." नीट बसलेलं, वेळेत. काका म्हणाले, "गोळीनंतर काच किणकिणली. कसली?"

मला आवाज आलाच नव्हता. हेडफोन लावून तिसऱ्यांदा ऐकला तेव्हा आला, अगदी बारीक, ग्लासला अंगठी लागल्यासारखा. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत गेले. शेठ मधोमध, पिस्तूल पुढे, आणि फ्रेमच्या उजव्या कडेला ती, अर्धी कापलेली. गोळी सुटते आणि तिचे डोळे घट्ट मिटतात, खांदे कानापर्यंत वर येतात, ग्लासातलं सरबत की काय ते मनगटावर सांडतं. अभिनयातलं दचकणं मी रोज बघते, ते जरा उशिरा येतं आणि जरा मोठं असतं. हे तसं नव्हतं, ही पोरगी खरीच दचकली होती, सेटवर आवाज तिच्या कानाशी झाला असणार. मग ती डोळे उघडते आणि शेठकडे बघत नाही, पडलेल्या माणसाकडेही बघत नाही, कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला बघते, जिथे दिग्दर्शक उभा असेल तिथे. आणि मग परत हसते. हे सगळं मिळून दीड सेकंद. चाळीस वर्षांपूर्वीचा दीड सेकंद आणि मी तो स्क्रिप्ट लिहिताना निदान आठ वेळा बघितला होता, म्हणजे बघितला नव्हता.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. काकांना कळलं, त्यांना कळतंच, त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि थांबले.

मग बसून सीन परत लिहिला. जागा तेवढीच होती, एक सेकंदही वाढत नाही, म्हणून बॅगेचं वर्णन अर्धं केलं, शेठचे पांढरे बूट काढले, टाकीतले मासे काढले. "येणारा आधी तरुणीकडे बघतो, मग शेठकडे." ही ओळ पहिल्या दोघांना लावली, नंतरच्यांना नुसतं "आधी तिच्याकडे" एवढंच पुरतं, ऐकणाऱ्याला सवय झालेली असते. "शेठ न बघता ग्लास तिच्या हातात देतो." गोळीनंतर, "तरुणी दचकते. ग्लास सांडतो. ती पुन्हा हसते." काकांनी "पुन्हा"वर बोट ठेवलं, म्हणाले हा शब्द काहीही झालं तरी काढू नकोस. व्हॉइस आर्टिस्टला मी तीनदा सांगितलं की या ओळीत करुणा घालायची नाही, बॅगेची ओळ वाचतेस तशीच वाच.

श्रेयनामावलीही आम्ही वाचतो. काकांना तिचं नाव हवं होतं. शेठच्या गुंडांची नावं आहेत, फाइट मास्टर आहे, घोडेवाल्याचे आभार आहेत. ती मुलगी कुठेच नाही. आम्ही पाटी दोनदा थांबवून बघितली.

शेवटचा प्रश्न संध्याकाळी सातला, मी लॅपटॉप बंद करत होते तेव्हा. "अड्ड्यावर पोलीस येतात तेव्हा तिचं काय होतं?"

शेवटची मारामारी परत लावली. पोलीस येतात, धूर, टाकी फुटते, शेठ मागच्या दाराने पळतो, गुंडांना बेड्या पडतात. ती नाही. पकडलेली दाखवली नाही, पळताना नाही, मेलेली नाही, त्या अड्ड्याच्या सीननंतर ती सिनेमातच नाही. जे नाही ते मला लिहिता येत नाही. पण टाकी फुटायच्या आधी एक चार सेकंदांचा शॉट आहे, धुरात ती गोल खुर्ची एकटीच, अजून थोडी फिरत असलेली, आणि त्यावर बोलायला पूर्ण जागा आहे.

मी लिहिलं, "शेठची खुर्ची रिकामी. खुर्चीचा हात रिकामा."

काका म्हणाले, "वाच परत."

मी परत वाचलं.