शेठची पिवळी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवलीच्या पाच नंबर प्लॅटफॉर्मवर बॅग पोटाशी धरून उभा होतो. गाडी यायला दोन मिनिटं होती. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. ‘अभिनंदन! आज तुमच्या गाडीचा चौथा वाढदिवस.’ खाली फोटो. जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, पिवळीधमक स्पोर्ट्स कार आणि तिच्या नाकावर झेंडूचा हार. पुढे लिहिलं होतं की तिच्यासारखी दुसरी नाही आणि तुमच्यासारखा दुसरा नाही. एवढं वाचून होईस्तोवर लोकल आली आणि माझ्यासारखे दुसरे चारशे जण एकाच दारात घुसले.

माझ्याकडे अशी गाडी नाही, हे सांगायला नकोच. वडिलांची १९९१ सालची बजाज चेतक आहे, बिल्डिंगखाली मीटरबॉक्सजवळ प्लॅस्टिक पांघरून उभी असते. भानगड नंबरची आहे. गेल्या ऑगस्टमध्ये मी नवीन सिमकार्ड घेतलं. एखाद्याने नंबर बंद केला की तो किमान ९० दिवस पडून ठेवतात आणि मग दुसऱ्याच्या नावे चढवतात. जागा सोडून गेलेल्या भाडेकरूची पत्रं नव्याला येत राहावीत, तसे मला आधीच्या मालकाचे निरोप येऊ लागले. त्यांचं नाव मला कळलंय, पण इथे सांगत नाही. घरात आम्ही त्यांना शेठ म्हणतो.

वर्षभरात शेठबद्दल मला जेवढं कळलं तेवढं सख्ख्या मेहुण्याबद्दल कळलेलं नाही. गाडी दसऱ्याची, विमा ऑक्टोबरात संपतो. वाढदिवस मार्चात. रविवारी पहाटे सहाला वरळीहून लोणावळ्याला जायच्या फेरीचं आमंत्रण आलं, त्यात ‘आपल्यासाठी जैन नाश्त्याची सोय केली आहे’ असं होतं. पुढच्या ओळीत टी-शर्ट एक्सएलच ना, अशी विचारणा. बायको म्हणाली, ‘हो म्हणून टाक, तुलाही एक्सएलच होतो.’ मी म्हणालो नाही. तेव्हापासून जुना टी-शर्ट घातला की ती शेठची आठवण काढते.

अशा नावानिशी पाठवलेल्या निरोपांच्या उद्योगाचं थोडं आतलंही मला कळतं. जाहिरातींचा मजकूर मराठीत करणं हाच माझा धंदा. सिमेंट, सळया, कीटकनाशकं, पाण्याच्या टाक्या. वीस वर्षांत स्पोर्ट्स कारचं एकही काम माझ्याकडे आलेलं नाही. तीन-चार कोटींची वस्तू मराठीत विकत नाहीत, मराठीत टाकी विकतात. पण आतली यंत्रं दोन्हीकडे सारखीच. मजकूर एकच लिहायचा, मध्ये रिकाम्या चौकटी ठेवायच्या, त्यांत नाव, गाव, गाडी, रंग आपोआप भरले जातात. आम्ही एकदा शेतकऱ्यांना औषधाचा संदेश पाठवला तेव्हा चौकट भरायची राहिली आणि कित्येक हजार लोकांना ‘नमस्कार पूर्णनाव साहेब’ असा निरोप गेला. शेठच्या बाबतीतही एकदा हे झालं. दिवाळीच्या शुभेच्छा ‘डिअर फर्स्टनेम’ला आल्या. मला फार बरं वाटलं. वरळी असो वा वाशिम, चौकट सगळ्यांची रिकामी राहू शकते.

शेठचे निरोप वाचता वाचता या कलेत बाहेर काय काय करतात ते पाहायचा नाद लागला. मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट टोरांटोची. २०१२ च्या सुमाराची. तिथल्या एका पोर्शा विक्रेत्याच्या माणसांनी पांढरी ९११, म्हणजे पोर्शाची स्पोर्ट्स कार, घेतली आणि शहरातल्या श्रीमंत वस्तीत घरोघर फिरले. प्रत्येक घरापुढच्या मोकळ्या जागेत गाडी उभी करायची, घर आणि गाडी दोन्ही येतील असा फोटो काढायचा, तिथल्या तिथे छापायचा आणि त्याच घराच्या दारात ठेवून यायचा. मालक संध्याकाळी येतो तर हातात स्वतःच्याच घराचा फोटो आणि अंगणात पोर्शा. सोबत एक ओळ, तुम्हाला वाटते त्यापेक्षा ती जवळ आहे, अशा अर्थाची. नाव नाही, गाव नाही, लाडीगोडी नाही. शेजाऱ्याच्या दारात वेगळा फोटो. लिहिणारा म्हणून मला असूया वाटली. एका ओळीत काम झालं होतं, आणि ते ओळीने केलंच नव्हतं, अंगणाने केलं होतं.

आमच्या सोसायटीत मात्र ही युक्ती गेटवरच मेली असती. वॉचमनने आधी कोणाकडे जायचंय ते विचारलं असतं. मग वहीत नाव, फ्लॅट नंबर, येण्याची वेळ. मग जोशीकाका गॅलरीतून ओरडले असते, ती जागा माझी आहे. फोटोत पोर्शा आणि तिच्या मागे हातवारे करणारे जोशीकाका.

मिनी या छोट्या गाडीवाल्यांनी २००७ मध्ये न्यूयॉर्क, शिकागो, मायामी आणि सॅन फ्रान्सिस्को या चार शहरांत वेगळी गंमत केली. गाडीमालकांकडून प्रश्नावली भरून घेतली, त्यांना चिप बसवलेली की-चेन दिली, आणि ते ठरावीक फलकाजवळून गेले की फलकावर त्यांच्या नावाने ओळ उमटायची. मिनी म्हणजे काही स्पोर्ट्स कारांची महाराणी नव्हे, पण वाट दाखवली तिने. मेलबर्नच्या विमानतळावर पोर्शाने चिपसुद्धा ठेवली नाही. कॅमेऱ्याने येणाऱ्या गाड्यांतून पोर्शा ओळखायची आणि फलकाने लगेच तिच्या मालकाला म्हणायचं, गर्दीतून तुम्हाला वेगळं काढणं किती सोपं आहे! आजूबाजूच्या टोयोटावाल्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. मला वाटतं, जाहिरात खरी त्यांच्यासाठीच होती.

आपल्याकडे हे नाही असं समजू नका. रस्त्यावरचा कॅमेरा गाडीचा नंबर वाचतो आणि फक्त तुमच्यासाठी फोटोसकट, तारीख-वेळेसकट निरोप पाठवतो. त्याला ई-चलान म्हणतात. यात चौकट कधी रिकामी राहत नाही.

याच्याही वरची पायरी म्हणजे ग्राहकाला नाहीच म्हणणं. मागणी असेल त्याहून एक गाडी कमी बनवायची, हे फेरारीच्या संस्थापकांचं, एन्झोंचं म्हणून सांगितलं जाणारं सूत्र. ‘बाकरवडी संपली’ ही पाटी लावणाऱ्या पुण्याला ते शिकवायची गरज नाही. फेरारीने २०१३ मध्ये लाफेरारी आणली ती ४९९ नगांची. दहा लाख युरोंहून जास्त किंमत, पण पैसे असून भागत नव्हतं. आधीच्या गाड्या कोणत्या घेतल्या, किती वर्षांचं नातं, हे सगळं पाहून कंपनीने माणसं निवडली. म्हणजे ही मंडळी वरपक्ष आणि चेकबुक घेऊन आलेला अब्जाधीश हा वधूपिता. पत्रिका जुळेना झाली की काय करणार, आणखी दोन साध्या फेरारी घेऊन पुढच्या मुहूर्ताची वाट पाहायची. पुढे २०१६ मध्ये इटलीतल्या भूकंपग्रस्तांसाठी पाचशेवी बनवून तिचा लिलाव केला, तेव्हा तिला सत्तर लाख डॉलर आले. ४९९ मधल्या एखाद्याला तेव्हा थोडं टोचलं असेल का?

फेरारी म्हटल्यावर मराठी माणसाला तेंडुलकरची ३६० मोडेना आठवणारच. २००२ मध्ये सचिनने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली आणि इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या शर्यतमार्गावर फेरारीचा शर्यतपटू शूमाकर याच्या हस्ते त्याला ती गाडी मिळाली. भेट फियाटची, फेरारी तेव्हा त्यांच्याच घरातली. एका माणसाला दिलेली गाडी आणि सगळ्या देशाला आलेली जाहिरात. मग आयात शुल्काच्या माफीवरून गदारोळ झाला, रक्कम एक कोटीच्या वर होती, आणि शेवटी ती कंपनीने भरली. आमच्या लोकलच्या डब्यात त्या वेळी शुल्कावर जेवढी चर्चा झाली तेवढी शतकांवर झाली नव्हती. गाडी पुढे सुरतेला गेली.

आमच्या चेतकला मात्र वैयक्तिक सेवा फुकट होती. नाक्यावर एक मिस्त्री बसायचा. वडील वळणावरून येताना त्याला स्कूटर दिसायची नाही, फक्त ऐकू यायची. पान्यावरची नजर न काढता तो ओरडायचा, ‘नाना, प्लग काळा पडलाय, उद्या आणा!’ वडील न थांबता हात हलवायचे आणि उद्या न्यायचे. कधीतरी तो नुसतंच म्हणायचा, ‘नाना, चोक!’ की वडिलांना आठवायचं, थंड इंजिन सुरू करताना ओढायचा तो चोक ओढलेलाच राहिला. वडील गेले त्याच्या दुसऱ्या महिन्यात मी स्कूटर घेऊन त्याच वळणावरून आलो. त्याने मान वर केली. ‘आवाज तोच, हात वेगळा,’ म्हणाला, आणि त्या दिवशी प्लगचे पैसे घेतले नाहीत. कुठल्या चौकटीत बसवणार हे?

एप्रिलमध्ये शेठसाठी फोन आला. बाई अस्खलित इंग्रजीत म्हणाल्या की मी आपली रिलेशनशिप मॅनेजर. मी म्हटलं, ‘राँग नंबर, मॅडम.’

‘मराठी का सर?’ आवाज दोन मजले खाली उतरला आणि ओळखीचा झाला.

मी सगळी हकिगत सांगितली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली. ‘काढून टाकते नंबर, सर. फक्त एक ओटीपी येईल, तेवढा सांगा.’

‘कोणाला येईल?’

‘क्लायंटच्या रजिस्टर्ड नंबरवर.’

‘म्हणजे मला.’

‘हो सर.’

‘पण मी क्लायंट नाही.’

‘नाही ना. पण नंबर तर तोच आहे.’

दोघंही थोडा वेळ गप्प. मागे कुणीतरी हसत होतं, कपबश्यांचा आवाज येत होता. ओटीपी आलाही, सहा आकडी. पण ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे वाक्य मी आयुष्यात निदान चार बँकांसाठी मराठीत लिहिलंय. स्वतःच्या लिखाणाशी एवढी बेइमानी करवेना.

‘राहू दे मग, काका,’ ती म्हणाली. सरांचा काका झाला म्हणजे व्यवहार संपला. मग सहज विचारल्यासारखं, ‘कुठे असता?’

‘डोंबिवलीला.’

‘अय्या, मी बदलापूर!’ मग मेगाब्लॉक, मग लेडीज डब्यातली गर्दी. रोज सकाळी बदलापूरला चढून ही मुलगी वरळीला जाते आणि दिवसभर लोकांना त्यांच्या गाड्यांच्या वाढदिवसांची आठवण करून देते. फोन ठेवता ठेवता म्हणाली, ‘काका, ते सर कुठे गेले काही कल्पना आहे का? दिवाळीची पेटीसुद्धा परत आली आमच्याकडे.’

हे ती मला विचारत होती. शेठच्या शर्टाचं माप यांच्याकडे, कांदा-लसूण चालत नाही ही नोंद यांच्याकडे, टायर किती झिजले तेही यांच्याकडे. आणि माणूस सापडत नाही म्हणून चेतकवाल्याकडे चौकशी.

तेव्हापासून मीही विचार करतो. दुबईला गेले असतील? पिवळी विकली असेल? धंदा बसला? की एका सकाळी शेठ चहा घेत बसलेले, फोन थरथरला, ‘तुमच्यासारखा दुसरा नाही’ हे त्यांनी शंभराव्यांदा वाचलं, आणि सिमकार्ड काढून बशीत ठेवलं? बायकोचं मत, काही नाही, मुलाने फॅमिली प्लॅनमध्ये घेतलं असेल.

परवा पहिला पाऊस पडला. रात्रभर पत्र्यावर वाजत होता. सकाळी शेठचा निरोप : पावसाळ्यात गाडी पंधरा दिवस नुसती उभी ठेवू नका, बॅटरी उतरते, रबर कडक होतं, एकदा तरी सुरू करा, तिला तुमची वाट पाहायला लावू नका.

लिहिणाऱ्याने लिहिलं बरं होतं. मी लेंग्यावरच खाली गेलो. प्लॅस्टिकवर साचलेलं पाणी ओतलं, पेट्रोलचा कॉक उघडला, चोक ओढला. वडील करायचे तशी स्कूटर बाजूला कलती केली, पाच आकडे मोजले आणि सरळ केली. पहिल्या किकला काही नाही. दुसऱ्याला खोकली. तिसऱ्याला सुरू झाली, पांढऱ्या धुराने मीटरबॉक्स दिसेनासा झाला आणि गॅलरीतून जोशीकाका ओरडले, ‘अरे, चोक!’